पुढच्या वर्षाचा पट आणि पैसे: बसण्याआधीची तयारी

गेल्या वर्षी आमच्या शाळेचं अंदाजपत्रक मी एका रविवारी उरकलं. पटावर २४०, गुणिले २४,००० फी, झालं. मे महिन्यात पगाराला पैसे नव्हते, संस्थेची एफडी मोडली. तेव्हा नीट वाचा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच बसा. शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारिणीपुढे वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी जावा लागतो आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं हलत नाही.

पट हजेरीवरून घ्या. जनरल रजिस्टरात, म्हणजे प्रवेशाच्या कायम नोंदवहीत, दाखला नेऊन शाळा सोडलेलीही असतात. तीन वर्षांचे आकडे वर्गवार मांडा: गेल्या जूनला तिसरीत किती, या जूनला चौथीत किती. चौथीनंतर मोठ्या हायस्कुलात जाणारी तिथे दिसतील. सिनिअर केजीतलं प्रत्येक पोर पहिलीत येत नाही, जन्मतारखा बघा. ३१ डिसेंबरला सहा पूर्ण हवीत. नव्या प्रवेशात चौकशीला आलेले धरू नका, पहिला हप्ता भरलेलेच धरा.

आता आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली २५ टक्के राखीव जागांवर मोफत शिकणारी मुलं. मी विसरले ते हेच. २४० पैकी आमची ५२ मुलं २५ टक्क्यांतली. त्यांची फी पालकांकडून येत नाही, म्हणजे माझ्या हिशेबातले १२,४८,००० रुपये नव्हतेच. त्याबदली सरकार शाळेला भरपाई देतं, तीच प्रतिपूर्ती. तिचा दर मुलामागे वर्षाला १७,६७०, आणि आपली फी त्याहून कमी असेल तर तेवढीच. सगळी प्रतिपूर्ती आली तरी ९,१८,८४०. ती येते कधी? मार्चअखेर येईल म्हणून बसलात तर माझ्यासारखे बँकेत दिसाल. रोखीच्या तक्त्यात तिथे शून्य लिहा. हो, शून्य. आले तर व्हरांड्याची फरशी बदला. ही मुलं आठवीपर्यंत असतात, त्यामुळे फक्त पहिलीची आठ मोजून थांबू नका, आठही वर्गांतली मोजा. आधी वजा करा, मग फीने गुणा. वजा केलीत? पुन्हा बघा.

उरलेल्या फीतही शंभर टक्के वसुली धरू नका. गेल्या वर्षीची थकबाकी काढा, तेवढी यंदाही राहणार. आणि तक्ता महिन्यावार करा: फी जूनला आणि दिवाळीच्या आसपास येते, पगार बाराही महिने जातो. एप्रिल-मे कोरडे.

खर्चात पगार, पीएफ. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना द्यायची एकरकमी रक्कम, शिक्षकांनाही लागते. यंदा निवृत्त होणारं कोण आहे ते आजच विचारा, ऐनवेळी कळलं की घाम फुटतो. वीज, बस, दुरुस्ती वगैरे जुन्या बिलांवरून, थोडं वर धरून. बाकीचं सीए बघतील.

खजिनदारांकडे कागद न्यायच्या आधी आरटीईचा रकाना बोट ठेवून मोजा. आमच्या क्लार्कताईंनी यंदा तो पिवळ्या हायलायटरने रंगवलाय, माझ्याकडे न बघता.