धर्मग्रामातील धर्मशिक्षण : या चुका टाळा

धर्मशिक्षणाचे वर्ग ओस पडू लागले, की दोष बहुधा मुलांच्या अभ्यासाला, मोबाइलला किंवा पालकांच्या उदासीनतेला दिला जातो. ही कारणे खोटी नाहीत. पण ती धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या कॅथलिक समुदायाच्या, हाताबाहेरची आहेत, आणि त्यांच्याकडे बोट दाखवत राहिल्यामुळे जे हातात आहे तेही सुधारायचे राहून जाते. माझ्या मते बहुतेक अडचणींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे : धर्मशिक्षण हा लहान मुलांचा विषय असून संस्कार (बाप्तिस्मा, प्रथम कम्युनियन यांसारखा चर्चचा पवित्र विधी) मिळाला की तो संपतो. पुढच्या बऱ्याचशा चुका याच समजुतीतून निघतात.

प्रौढांचा विचार सर्वांत शेवटी करणे

कॅथलिक चर्चने 1971 साली धर्मशिक्षणासाठी जी सर्वसाधारण मार्गदर्शिका काढली, तिच्यात प्रौढांचे धर्मशिक्षण हेच धर्मशिक्षणाचे मुख्य रूप मानले आहे, आणि 1997 च्या सुधारित मार्गदर्शिकेनेही तीच भूमिका कायम ठेवली. प्रत्यक्षात मात्र वेळ, खोल्या, पैसा आणि चांगले शिक्षक मुलांच्या वाट्याला जातात, आणि प्रौढांसाठी ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातली दोन-चार प्रवचने तेवढी उरतात. मग दहाव्या वर्षी पाठ केलेल्या उत्तरांच्या आधारावर माणसाला आजारपण, जवळच्यांचा मृत्यू, संसारातले ताण आणि कामाच्या ठिकाणचा भ्रष्टाचार यांना तोंड द्यावे लागते. ती उत्तरे तोकडी पडली, की अनेकदा श्रद्धाच सुटते.

सुरुवात पालकांपासून करणे सर्वांत सोपे आहे, कारण ते मुलांना पोहोचवायला तसेही येतातच. मुलांचा वर्ग चालू असताना शेजारच्या खोलीत पालकांना तोच शुभवर्तमानाचा (बायबलमधील येशूच्या जीवनकथेचा) उतारा प्रौढांच्या पातळीवर समजावून द्यावा. वेगळा दिवस आणि वेगळी वेळ ठरवण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि परतताना आईवडील व मुले यांच्याकडे बोलायला एकच विषय असतो.

बायबलवर्गाला येणारी माणसे हळूहळू गळत असतील, तर आधी वाचनाची पद्धत तपासावी. वर्तुळात बसवून प्रत्येकाला एकेक वचन मोठ्याने वाचायला लावण्याची रीत निरुपद्रवी दिसते. पण ज्याला अडखळत वाचावे लागते, ज्याचा चष्मा घरी राहिला आहे किंवा ज्याला बायबलमधली नावे उच्चारता येत नाहीत, तो माणूस आपली पाळी येईपर्यंत उतारा ऐकतच नाही. त्याचे लक्ष आपल्या वाट्याला येणाऱ्या वचनावर खिळलेले असते, आणि पुढच्या वेळी तो काही तरी काम निघाल्याचे सांगून येत नाही. एकाच चांगल्या वाचकाने उतारा दोनदा सावकाश वाचावा, मध्ये मिनिटभर शांतता ठेवावी, आणि चर्चा धर्मगुरूंच्या स्पष्टीकरणाने सुरू न करता ‘कोणते वाक्य मनात राहिले?’ या प्रश्नाने करावी. या प्रश्नाचे उत्तर चुकू शकत नाही, म्हणून तो सर्वांना बोलते करतो.

उपासनेऐवजी शाळेचा साचा उचलणे

रविवारच्या शाळांची चळवळ इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे 1780 साली रॉबर्ट रेक्स यांनी पुढे नेली, तेव्हा आठवडाभर काम करणाऱ्या गरीब मुलांना रविवारी वाचायला शिकवणे हा तिचा एक मोठा हेतू होता, त्यामुळे शाळेचा आराखडा तिथे योग्यच होता. आजच्या मुलाला मात्र आठवडाभर शाळाच असते; त्याला सुट्टीच्या दिवशी पुन्हा हजेरी, गृहपाठ आणि गुण दिले, तर देवाचे वचनही त्याच्या मनात परीक्षेच्या खात्यातच जमा होते.

पाठांतर वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार (श्रद्धेची घोषणा) आणि दहा आज्ञा तोंडपाठ असायलाच हव्यात, कारण दुःखाच्या घटकेला स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा हेच शब्द मदतीला येतात. चूक होते ती गोष्टीचे घाईघाईने तात्पर्यात रूपांतर करण्यात. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील हरवलेल्या मुलाची, म्हणजे घर सोडून सगळे उधळून परत आलेल्या धाकट्या मुलाची, गोष्ट सांगून झाली, की पुष्कळ वर्गांत लगेच ‘आईवडिलांचे ऐकावे’ असे फळ्यावर लिहिले जाते. त्याऐवजी मुलांना गोष्टीतच थांबू द्यावे. मुलगा दूर असतानाच बापाला तो दिसला, याचा अर्थ बाप काय करत असावा? म्हातारा बाप चालत न जाता धावत का गेला? थोरला भाऊ रागाने बाहेर उभा राहतो, बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो, आणि तो आत गेला की नाही हे येशू सांगतच नाही. ‘तू तिथे असतास तर काय केले असतेस?’ एवढे विचारून शिक्षकाने गप्प राहावे. आज्ञाधारक मुलांनाच हा प्रश्न सर्वांत जड जातो, आणि ही गोष्ट अशा लोकांच्या तक्रारीला उत्तर म्हणूनच सांगितली गेली होती.

वर्गाचा रविवारच्या मिस्साशी (चर्चमधील मुख्य उपासनेशी) संबंध नसणे, हीदेखील याच चुकीची दुसरी बाजू. मिस्साच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र असते आणि त्यात अनुक्रमे मत्तय, मार्क व लूक यांची शुभवर्तमाने मुख्यत्वे वाचली जातात. वर्षाचा अभ्यासक्रम या चक्राला जोडला, तर मुलाने वर्गात ऐकलेले वचन त्याला वेदीजवळूनही ऐकू येते.

संस्कार झाला की निरोप देणे

पोप दहावे पायस यांनी 1910 साली प्रथम कम्युनियनचे (ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याचे) वय साधारण सात वर्षांपर्यंत खाली आणले, ते मुलांना ख्रिस्ताचा सहवास लवकर लाभावा म्हणून. आपण मात्र त्या दिवसाला आणि पुढे दृढीकरणाला (बाप्तिस्म्यातील श्रद्धा दृढ करणाऱ्या संस्काराला) पदवीदानाचे स्वरूप दिले. तयारी महिनोन्‌महिने चालते, समारंभ थाटात होतो आणि पुढच्या रविवारी त्या मुलांसाठी धर्मग्रामाकडे काहीच नसते.

प्रौढांच्या ख्रिस्ती दीक्षेचा जो विधी 1972 साली नव्याने प्रसिद्ध झाला, त्यात याचा उपाय आहे. बाप्तिस्म्यानंतरचा संपूर्ण पुनरुत्थानकाळ, म्हणजे ईस्टरपासून पेंटेकॉस्टच्या सणापर्यंतचे पन्नास दिवस, मिळालेल्या संस्कारांचा अर्थ उलगडण्यासाठी राखून ठेवला आहे. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज नवदीक्षितांना आधी अनुभव आणि मग त्याचे स्पष्टीकरण देत असत. म्हणून प्रथम कम्युनियननंतरच्या किमान चार-पाच भेटींच्या तारखा तयारीच्या पहिल्याच दिवशी पालकांना लिहून द्याव्यात.

अवघड प्रश्न टाळणे

‘माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता, मग ते कुठे गेले?’ असा प्रश्न एखादे मूल विचारते तेव्हा शिक्षक एक तर विषय बदलतो किंवा अर्धवट ऐकलेले कठोर उत्तर देतो, आणि ते मूल रात्रभर जागे राहते. जे स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताला ओळखत नाहीत, पण प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात व सदसद्‌विवेकाप्रमाणे वागण्याचा प्रयत्न करतात, त्यांनाही तारण मिळू शकते, अशी शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली दिली आहे. शिक्षकाला हे माहीत असायला हवे. माहीत नसल्यास ‘मी धर्मगुरूंना विचारून पुढच्या रविवारी सांगते’ हे उत्तर पुरेसे आहे. मात्र पुढच्या रविवारी ते न चुकता सांगितले पाहिजे.

शिक्षकाला एकटे सोडणे

कार्थेज येथील देओग्रातियास नावाच्या डीकनने (धर्मगुरूंखालच्या दर्जाच्या चर्चसेवकाने) इ. स. 400 च्या सुमारास संत ऑगस्टीन यांच्याकडे तक्रार केली होती, की शिकवताना आपल्याला स्वतःच्याच बोलण्याचा कंटाळा येतो. ऑगस्टीन यांनी त्याला धीर दिला, आपल्यालाही आपले बोलणे बहुधा अपुरेच वाटते असे कळवले, आणि ऐकणारा उभा राहून थकला असेल तर त्याला बसायला द्यावे, इतका साधा सल्लाही दिला. धर्मशिक्षकाचे थकणे जुने आहे. असा धीर देणारे कोणी सोबत असणे मात्र दुर्मीळ झाले आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली प्रापंचिक धर्मशिक्षकांच्या सेवेला औपचारिक सेवापदाचा दर्जा दिला, तरीही अनेक ठिकाणी ‘कोणी तरी हवे’ म्हणून एखाद्याच्या हातात पुस्तक देऊन त्याला वर्गात ढकलले जाते.

प्रत्येक वर्गाला दोन प्रौढ असावेत, असा नियमच करावा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी तो अपरिहार्य आहे : कोणताही प्रौढ मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहू नये, दार उघडे असावे, आणि मुलाला कोण घेऊन जाणार याची नोंद असावी. याबाबतीत ओळख, वय किंवा मान पाहून सवलत देऊ नये. त्याच नियमामुळे नवा शिक्षक अनुभवी शिक्षकाशेजारी बसून शिकतो, आणि एक जण आजारी पडला तरी वर्ग बंद पडत नाही. एवढे शिक्षक मिळत नसतील, तर दोन इयत्ता एकत्र कराव्यात. मोठ्या मुलांनी लहानांना गोष्ट सांगितली, तर मोठी मुलेही ती अधिक नीट शिकतात.