साखर काठावर आलीय? आई-बाबांचा ऑनलाइन व्यायाम असा सुरू करून द्या

आईचा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा काठ. इथून मागे फिरता येतं. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रामचे निष्कर्ष २००२ साली आले: वजन थोडं उतरवून आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करणाऱ्यांत मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, साठीपुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. त्यामुळे "आता या वयात कशाला?" हे मनातून काढून टाका.

आधी डॉक्टरांना विचारा. बीपी, छातीत दुखणं, चक्कर, गुडघे, सगळं सांगा.

मग क्लास निवडा. माझं ठाम मत आहे, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ नकोत. पाय चुकीचा पडतोय हे व्हिडिओला दिसत नाही. लाइव्ह, थोड्या माणसांचा, शिक्षक नावाने हाक मारून चूक सुधारतील असा क्लास बघा. "२१ दिवसांत साखर गायब" म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

खरी मेहनत खोलीवर घ्या. पहिल्या दिवशी आईने मोबाइल हातातच धरला होता. क्लासच्या बाईंना तिचं कपाळ आणि पंखा एवढंच दिसलं. आता मोबाइल सहा-सात फुटांवर, डब्याला टेकवून ठेवतो, डोक्यापासून पावलांपर्यंत दिसेल असा. प्लास्टिकची खुर्ची सरकते, म्हणून लाकडी खुर्ची भिंतीला टेकवली. पायपुसणं उचललं. घरात घालायला वेगळे बूट आणले. पडल्यास कोणाला फोन करायचा, तो नंबर बाईंकडे दिला.

नुसतं चालणं पुरत नाही. रक्तातली साखर सगळ्यात जास्त खपते ती स्नायूंत, म्हणून आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम हवेतच: खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून ढकलणं, ओट्याला धरून टाचा उचलणं. आईला सुरुवातीला हात टेकल्याशिवाय उठताच येईना. बाईंनी खुर्चीवर उशी ठेवायला सांगितली, बैठक उंच झाली आणि ती उठली. व्यायाम करताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच जोर लावा. छातीत दुखलं किंवा गरगरलं तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको. जेवणानंतर दहा मिनिटं हॉलमध्ये फेऱ्या मारा, साखरेची उसळी कमी राहते.

एचबीए१सी पुन्हा तीन महिन्यांनी करा, त्याआधी फरक नीट दिसत नाही. आईने कॅलेंडरवर ती तारीख लाल पेनाने गोल केलीय.