स्वस्त क्लाउड सर्व्हर घेताना आधी रॅम मोजा

छोट्या वेब अ‍ॅपचा सर्व्हर बंद पडतो तो बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे नाही, रॅम संपल्यामुळे. म्हणून दर बघण्याआधी हिशेब मांडा. जँगो (पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) एकाच मशीनवर ठेवायचे आहेत असं समजा. लिनक्सला २०० एमबी, जँगो चालवणाऱ्या गुनिकॉर्नच्या तीन वर्करना (प्रोसेसना) प्रत्येकी १०० ते १५०, पोस्टग्रेसला २०० धरा. झाले ७०० ते ८५०. १ जीबीत हे चालू होतं, पण एखादी जड क्वेरी आली की लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपल्यावर जागा मोकळी करणारी सोय) जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारतो. त्यात डेटाबेस गेला, की साइटवर ५०० एरर (सर्व्हर बिघडल्याचा संदेश).

त्यामुळे २ जीबीच घ्या. १ जीबीवरच भागवायचं असेल तर २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) करा आणि एफएसटॅबमध्ये (लिनक्स सुरू होताना वाचतो त्या यादीत) तिची नोंद घाला, नाहीतर रीबूटनंतर स्वॅप गायब. फ्रंटएंडचं (ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या भागाचं) बिल्डही लॅपटॉपवरच करून तयार फाइल्स चढवा. छोट्या मशीनवर एनपीएमचं (जावास्क्रिप्टच्या पॅकेज टूलचं) बिल्ड बऱ्याचदा ‘किल्ड’ एवढंच म्हणून मधेच थांबतं.

वापरणारे महाराष्ट्रातले असतील तर रीजन (सर्व्हर असलेलं ठिकाण) मुंबई किंवा बेंगळुरू. जर्मनीतला सर्व्हर स्वस्त पडतो, पण ब्राउझर ते सर्व्हर आणि परत अशा प्रत्येक फेरीला १०० मिलिसेकंदांहून जास्त जातात, आणि एचटीटीपीएसवर पहिलं उत्तर यायला साधारण तीन फेऱ्या लागतात.

आता खरं बिल. एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड) फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचे (इंटरनेटवरून सर्व्हर गाठायच्या क्रमांकाचे) तासाला अर्धा सेंट घेतं, म्हणजे महिन्याला साधारण ३.६ डॉलर. वर १८ टक्के जीएसटी. एडब्ल्यूएसचा टी३ मायक्रो हा छोटा सर्व्हर घेत असाल तर ‘अनलिमिटेड’ मोड आपोआप चालू असतो. प्रत्येक कोअर सरासरी १० टक्क्यांच्या वर चालत राहिला आणि क्रेडिट (कमी वापर असताना साठलेला प्रोसेसरचा वेळ) संपले, की जादा आकार लागतो. हा मोड पहिल्याच दिवशी बंद करा. अ‍ॅप मंदावेल, पण बिल फुगणार नाही.

बिलिंग तासावर असेल तर वर्षाचं पॅकेज घेण्याआधी सर्व्हर दोन दिवस वापरून बघा. संध्याकाळच्या गर्दीत ‘टॉप’ कमांड चालवून ‘एसटी’चा आकडा पाहा. तो सतत १० च्या वर असेल तर त्याच हार्डवेअरवरचे शेजारी बहुधा तुमचा प्रोसेसर खात आहेत. तो सर्व्हर काढून नवा बनवा, बहुधा दुसरं हार्डवेअर मिळतं. जुना मात्र नुसता बंद करून ठेवू नका: डिजिटलओशन या कंपनीकडे बंद ड्रॉपलेटचंही (त्यांच्या सर्व्हरचंही) बिल लागतं, ते थांबतं डिलीट केल्यावरच.