गोदावरीचे हंगामी फोटो : निघण्याआधीची तयारी

नदीतला बदल दाखवायचा असेल तर जागा एकदा पक्की करा आणि दर हंगामात तिथूनच फोटो काढा. त्र्यंबकेश्वर ते पैठण या पट्ट्यात तीन-चार जागा पुरतात. फ्रेममध्ये न हलणाऱ्या दोन खुणा हव्यात, एक जवळची आणि एक लांबची: पुलाचा खांब, मंदिराचा कळस. झाडाचा भरवसा धरू नका, ते वाढतं किंवा पुरात जातं. नाशिकच्या गोदाघाटावर दुतोंड्या मारुती फ्रेममध्ये घ्याच. पाणी मूर्तीच्या कुठवर चढलं यावरूनच नाशिककर पूर मोजतात. २०२७च्या सिंहस्थाआधीचा घाट आत्ताच टिपून ठेवा, तो पुन्हा तसाच दिसेल याची खात्री नाही.

वहीत चार नोंदी हव्यात: जीपीएसचे आकडे, जमिनीपासून कॅमेऱ्याची उंची, होकायंत्रावरची दिशा आणि फोकल लेंग्थ (लेन्स किती रुंद किंवा जवळचं दृश्य टिपते, तो मिमीतला आकडा). झूम लेन्सवर मधलाच ३५ मिमी पुन्हा अचूक लागत नाही. झूमचं एक टोक वापरा, नाहीतर प्राइम लेन्स (झूम नसलेली, एकाच फोकल लेंग्थची) न्या. मागच्या फोटोची छापील प्रत सोबत हवीच, उन्हात मोबाइलच्या पडद्यावर बारकावे दिसत नाहीत.

रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्या आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार रंग जुळवणारी सेटिंग, ५५०० केल्विनवर कायम ठेवा. ऑटोवर कॅमेरा प्रत्येक वेळी रंग आपल्या मनाने सुधारतो. मग श्रावणातलं गढूळ, तांबूस पाणी आणि हिवाळ्यातलं हिरवट पाणी यांतला खरा फरकच पुसला जातो. पोलरायझर फिल्टर पाण्यावरची चकाकी कमी करतो, पण २४ मिमीहून रुंद लेन्सवर आकाशात गडद पट्टा उमटतो. पुरासाठी शटर १/५०० सेकंदावर ठेवा, भोवरे आणि वाहून येणारा कचरा स्पष्ट येतो. दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये पुराचा जोरच दिसत नाही.

इथे नदी साधारण पूर्वेकडे वाहते, म्हणून सकाळी प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून उभं राहिलं की ऊन पाठीमागून येतं.

पावसाळ्यात निघण्याआधी गंगापूर आणि दारणा धरणांचा विसर्ग तपासा. दारणा नाशिकच्या खाली गोदावरीला मिळते, त्यामुळे नांदूरमधमेश्वरला जायचं तर दोन्ही आकडे लागतात. विसर्ग वाढणार असेल तर पात्रात उतरू नका. एसी गाडीतून दमट हवेत येताना कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर लेन्सवर दव धरतं.

नाथसागर, म्हणजे पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, मात्र उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. जलाशय पसरट आणि उथळ असल्याने पातळी थोडी उतरली तरी काठ खूप लांब सरकतो आणि मोकळ्या गाळावर शेती उभी राहते. जायकवाडीची खरी गोष्ट तिथेच दिसते. गाळाची वरची साय वाळून भेगाळलेली असते, खाली चिखल तसाच असतो. काठीने चाचपूनच पाऊल टाका आणि ट्रायपॉडच्या पायांखाली फरशीचे तुकडे किंवा जाड फळ्या ठेवा, नाहीतर दहा मिनिटांत क्षितिज कलतं. पेरलेल्या तुकड्यात शिरण्याआधी शेतकऱ्याला विचारा. नाथसागर आणि नांदूरमधमेश्वर दोन्ही पक्षी अभयारण्यं आहेत, त्यामुळे वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन पेटीतच राहू द्या.