घरची जुनी गाडी शोमध्ये उतरवायचीय? आधी तिचा वर्ग ठरवा

मुंबईत थोडी थंडी पडली की जुन्या गाड्यांच्या रॅल्यांचे फॉर्म फिरू लागतात. ताडपत्रीखालची फियाट उतरवावी असं तेव्हाच मनात येतं आणि फॉर्मवरचा एक रकाना अडवतो : वर्ग कोणता? आपल्याकडे जुनं ते सगळं व्हिंटेज. वडिलांच्या १९६४च्या फियाटपुढे मीही तेच ठोकून दिलं होतं. तपासायला आलेले गृहस्थ हसले. म्हणाले, "अहो, व्हिंटेज म्हणजे तुमच्या आजोबांच्या वेळची. ही क्लासिकमध्ये लावा."

पहिलं काम, साल पक्कं करा. आरसी बुकात उत्पादनाचं आणि नोंदणीचं साल वेगळं असू शकतं. फॉर्मवर यांतलं कोणतं हवंय ते विचारून घ्या. मग बोनेट उघडून चासी नंबर शोधा. चार वेळा रंग मारलेल्या गाडीत तो बुजलेला असतो. थिनरमध्ये बुडवलेल्या कापसाने हळूहळू पुसा. पॉलिश पेपर अजिबात लावू नका, घासलेला नंबर बघितला की तपासणाऱ्याला खाडाखोडीचा वास येतो. आकडे दिसले की वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा आणि उठलेला ठसा आरसी बुकाशी ताडून बघा.

आता वर्ग. जगभर साधारण चालणारी विभागणी अशी : १९१८पर्यंतच्या गाड्या वेटरन किंवा त्याहून जुन्या, १९१९ ते १९३० व्हिंटेज, १९३१ ते १९४५ पोस्ट-व्हिंटेज आणि त्यानंतरच्या युद्धोत्तर, म्हणजे आपण ज्यांना क्लासिक म्हणतो त्या. पण प्रत्येक आयोजक आपली रेघ थोडी इकडेतिकडे ओढतो, त्यामुळे नियमपत्रिका वाचल्याशिवाय रकाना भरू नका.

गोंधळ वाढवायला सरकारी व्याख्या आहेच. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात फार फेरफार न केलेली खाजगी दुचाकी किंवा चारचाकी ही व्हिंटेज. तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. मात्र अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. म्हणजे आमची फियाट आरटीओत व्हिंटेज ठरू शकते आणि मैदानात क्लासिक. दोन्ही बरोबर!

कागद गहाळ असतील तर साल अंगावरून ताडा. लाकडी आऱ्यांची चाकं, दाराखालून जाणारा फूटबोर्ड, मडगार्डवर सुटे बसवलेले दिवे, पुढून हँडल मारून इंजिन सुरू करायचं भोक : ही युद्धापूर्वीची लक्षणं. हँडलच्या भोकावर एकट्यावर विसंबू नका, ते नंतरच्या गाड्यांतही सापडतं. फियाटचे पुढचे दरवाजे उलटे उघडत असतील तर ती बहुधा पन्नाशीच्या दशकातली ११००, मुंबईकरांची 'डुक्कर फियाट'. हे नाव ऐकून मालक रागावत नाहीत, उलट खुलतात.

भारतात बनलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग असेल तर तो आधी बघा. रोल्स-रॉइसच्या शेजारी उभं राहून झाकोळण्यापेक्षा कुर्ल्याच्या कारखान्यातल्या प्रीमियरने (आपली फियाटही तिथलीच) अँबॅसॅडरशी सामना करावा, हे माझं मत. 'पद्मिनी कसली, ती तर टॅक्सी' म्हणून नाकही मुरडू नका. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, तेव्हापासून लोक तिच्याजवळ थांबून फोटो काढतात.

खरी कसोटी पुढे आहे : गाडी जपलेली की नव्याने उभारलेली? जपलेलीत मूळ रंग, मूळ सीट, मूळ काच लागते, पोपडे चालतात. उभारलेलीत रंग नवा चालतो, पण छटा कंपनीची हवी. आमच्या काकांनी प्रेमापोटी सीटना लालभडक रेक्झिन चढवलं आणि आम्ही जपलेल्यांच्या रांगेतून बाहेर पडलो. स्टिअरिंगजवळचा गिअर काढून खाली बसवला असेल, एसी टाकला असेल तर लपवू नका, मॉडिफाइड वर्ग असेल तर त्यात सांगून टाका. हरवलेली मूठ किंवा दिव्याची रिंग चोरबाजारात, कुर्ल्याच्या स्पेअरवाल्यांकडे सापडते. सोबत तुटका तुकडा न्या, नुसत्या फोटोवर मिळालेली मूठ बसेलच असं नाही.

शोच्या दिवशी विमा, पीयूसी आणि आरसी बुक हाताशी ठेवा, इंजिनखाली पुठ्ठा अंथरा. ऑइल गळणारच.

आणि डिकी रिकामी करू नका. आमच्या परीक्षकांनी रंगाकडे ओझरतं पाहिलं आणि थेट विचारलं, "जॅक दाखवा." वडिलांनी गोणपाटात गुंडाळलेला मूळ जॅक स्टेपनीमागे तसाच होता. परीक्षकांनी तो बाहेर काढला, उलटसुलट केला आणि वहीत काहीतरी लिहिलं.