कस्टम विंडोज डिस्कला एसएसडी दिसेना: माझा अनुभव

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांत ११व्या पिढीचे इंटेल लॅपटॉप फॉरमॅटला येतात, तेव्हा हा प्रकार भेटतो: आपल्या गरजेप्रमाणे बदलून बनवलेली (कस्टम) विंडोज इन्स्टॉल डिस्क नीट बूट होते, पण ड्राइव्हची यादी रिकामी. एसएसडी ठणठणीत असते. ती व्हीएमडी या इंटेलच्या स्टोरेज कंट्रोलरच्या मागे असते आणि विंडोज १० च्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो.

माझ्याकडच्या कस्टम डिस्कमध्ये ड्रायव्हर होता, पण फक्त इन्स्टॉल.विममध्ये, म्हणजे लॅपटॉपवर उतरणाऱ्या विंडोजच्या फाइलमध्ये. ती फाइल नंतर लागते. ड्राइव्ह शोधताना चालू असतं ते बूट.विम, म्हणजे सेटअप चालवणारी छोटी विंडोज, त्यातही इंडेक्स २ (फाइलमधली दुसरी इमेज). म्हणून मी डिस्मने (विंडोजच्या इमेज बदलायची कमांड) बूट.विमचे दोन्ही इंडेक्स आणि इन्स्टॉल.विममधली हवी ती आवृत्ती एकेक माउंट केली (फोल्डरसारखी उघडली), ड्रायव्हर घातला आणि कमिट करून, म्हणजे बदल जतन करून, अनमाउंट केलं. कमिट राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात.

इंटेलची सेटअप एक्झी डिस्म घेत नाही. ती ‘-एक्सट्रॅक्टड्रायव्हर्स’ देऊन उघडा. हवी ती आयएएस्टोरव्हीडी.आयएनएफ ही व्हीएमडी ड्रायव्हरची फाइल, सोबतच्या सिस आणि कॅट फाइलींसकट.

इन्स्टॉल.विम ४ जीबीपुढे गेली तर आयएसओ (डिस्कची इमेज फाइल) यूडीएफ या मोठ्या फाइली चालणाऱ्या फॉरमॅटमध्येच बनवा.

बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही एसएसडी दिसते, पण मग त्यावरची जुनी विंडोज बहुतेकदा उघडतच नाही. गिऱ्हाइकाचा डेटा वाचवायचा असेल तर त्या सेटिंगला हात लावू नका.