शिडाच्या बोटीची गळकी हॅच: आधी वाट शोधा, मग ट्यूब उघडा

हॅच, म्हणजे बोटीच्या छतावजा डेकमधली उघडझाप होणारी खिडकी, गळायला लागली की हात पहिला सिलिकॉनच्या ट्यूबकडे जातो. काचेच्या कडेने बाहेरून एक ओळ ओढायची, बोटाने सारवायची, झालं. पाणी आठवड्याने पुन्हा त्याच बंकवर (झोपायच्या फळीवर) पडतं, आणि आता तो सिलिकॉनचा थर मुळापासून खरवडल्याशिवाय दुसरं काही चिकटत नाही. ॲल्युमिनियमची चौकट आणि ॲक्रिलिकची (पारदर्शक प्लॅस्टिकची) काच असलेल्या नेहमीच्या हॅचमध्ये पाण्याला चार वाटा असतात: झाकणाखालचं रबर, काच आणि तिच्या चौकटीतला सांधा, खालची चौकट आणि डेक यांच्यातला थर, आणि हँडलचा दांडा काचेतून जातो ते भोक. चारही ठिकाणचा इलाज वेगळा आणि माल वेगळा.

वाट कशी शोधायची

हॅचच्या आतली शोभेची पट्टी काढा, सगळं कोरडं पुसा. एकाने आत टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन बसायचं, दुसऱ्याने वर साधा पाइप धरायचा. पाण्याला जोर नको. प्रेशर वॉशरने चांगलं रबरसुद्धा गळतं. सुरुवात सगळ्यात खालच्या सांध्यापासून, म्हणजे चौकट आणि डेकपासून. तिथे पाच मिनिटं पाणी सोडा. मग काचेची कड, मग हँडलं, शेवटी झाकणाची फट. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि चोर सापडत नाही. डेकच्या दोन थरांमधून पाणी आडवं पळतं, त्यामुळे थेंब हॅचपासून हातभर लांबही पडू शकतो.

थंडीतल्या पहाटे चौकटीच्या खालच्या बाजूला सगळीकडे सारखे बारीक थेंब दिसले तर ती गळती नव्हे, आतली वाफ गार धातूवर जमलेली असते. त्याला हवा खेळती ठेवणे एवढाच उपाय.

रबर

चौकटीच्या ज्या कडेवर रबर दाबलं जातं तिथे खडू घासा, झाकण लावा, उघडा. रबरावर खडूची रेघ सलग उमटली पाहिजे. जिथे तुटली तिथे दाब नाही. अशा वेळी लगेच रबर बदलू नका, आधी चौकट पिळलेली नाही ना ते पाहा (त्याबद्दल पुढे). रबर बसून सपाट झालं असेल, कोपऱ्यांत चिरलं असेल, तर मात्र नवंच.

मूळ कंपनीचं रबर मिळालं तर तेच घ्या, दोन-तीन मि.मी. जास्त जाड रबराने झाकण बिजागरीच्या बाजूला उचललं जातं आणि हँडल ओढून लावताना मोडतं. जुना गोंद प्लॅस्टिकच्या खरवडणीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. ॲसिटोन किंवा थिनर काचेजवळ आणू नका, ॲक्रिलिकला केसासारख्या चिरा पडतात. अमोनिया असलेले काच पुसायचे स्प्रेही नकोत.

रबर बिजागरीच्या बाजूला मधोमध सुरू करून तिथेच संपवा. ताणून बसवलेलं रबर काही महिन्यांत आखडतं आणि सांध्यात फट पडते, म्हणून उलट करायचं: दोन मीटर घेराला २० ते ३० मि.मी. जास्त कापून, दाबत दाबत खाचेत बसवायचं. टोकं नव्या ब्लेडने सरळ कापून सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणाऱ्या) गोंदाने जोडा.

काच

काचेवरून तिरकं पाहिलं की कडेच्या काळ्या सीलंटवर (सांधा बुजवणाऱ्या लवचिक मालावर) कुठे कुठे चंदेरी डाग दिसतात. तिथे सीलंट काचेपासून सुटलेलं असतं आणि डाग कडेपर्यंत पोचला की पाणी आत. वरून ओळ ओढून हे भरत नाही. काच काढावीच लागते. पातळ सुरीने किंवा बारीक तारेने सीलंट कापा आणि काच खालून ढकला.

नवी काच कास्ट (साच्यात ओतलेल्या) ॲक्रिलिकची, जुनीच्याच जाडीची, बहुतेक १० किंवा १२ मि.मी. चारी बाजूंना ३ मि.मी. मोकळी जागा हवी. ॲक्रिलिक ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावतं: अर्ध्या मीटरच्या काचेत ४० अंशांच्या फरकाला दोघांमध्ये जवळजवळ १ मि.मी. तफावत पडते. हे ताणणं सीलंटच्या जाडीने सोसायचं असतं. म्हणून काचेखाली ३ मि.मी. जाडीचे रबराचे तुकडे ठेवा, काच त्यांच्यावर टेकेपर्यंतच दाबा, क्लँप लावू नका. सगळं सीलंट बाहेर पिळून निघालं तर उरलेला कागदाएवढा थर पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो.

सीलंट म्हणून डाऊ ७९५ हे स्ट्रक्चरल सिलिकॉन किंवा सिकाफ्लेक्स २९५ यूव्ही. सिकाफ्लेक्स घेतलं तर कंपनी सांगते तो प्रायमर (आधी लावायचा अस्तर-थर) टाळू नका, कारण ऊन काचेतून थेट त्या सांध्यावर पडतं. पॉलिसल्फाइड जातीचं सीलंट ॲक्रिलिकला चालत नाही. काम सकाळी सावलीत करा. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या धातूवर सीलंटवर साय इतक्या लवकर धरते की ओळ नीट ओढताच येत नाही. मास्किंग टेप साय धरायच्या आत काढा. निदान सात दिवस झाकण उघडू नका.

चौकट आणि डेक

कोपऱ्यातल्या स्क्रूच्या टोकावर थेंब दिसला की चौकट उचलायची. डेकचा गाभा बाल्साचा (हलक्या लाकडाचा) असेल तर भोकाच्या कडेचं लाकूड तपासा. काळं, ओलं निघालं तर ते कोरून, वाळवून, दाट केलेलं इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारी राळ) भरा आणि भोकं नव्याने पाडा. हे टाळून वरून सीलंट लावणं म्हणजे कुजण झाकून ठेवणं.

मग कोरडी चौकट जागेवर ठेवून चारही कोपऱ्यांवर दाबा. डुगडुगली तर डेकला बाक आहे. ती तशीच स्क्रूने खेचली की चौकट पिळते आणि कितीही महाग रबर लावलं तरी एक कोपरा उघडाच राहतो. डेकवर दाट इपॉक्सीचा सपाट ओटा आधी बनवा, मग बाकी काम.

इथे ब्यूटाइल टेप (कधीच न वाळणाऱ्या चिकट रबराची पट्टी) सगळ्यात सोयीची: सावकाश चेपते, पुढे काढताही येते. स्क्रूभोवती तिची बारीक अंगठी गुंडाळा, स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फेरी. बाहेर आलेलं ब्यूटाइल कापून टाका. ३एम ५२०० हे कायमचं चिकटणारं सीलंट मात्र वापरू नका; पुढच्या वेळी चौकट निघेल ती डेकचा तुकडा घेऊनच.

हँडल

आतला स्क्रू काढला की दांडा बाहेर येतो; त्यावरची ओ-रिंग (रबराची गोल कडी) सपाट झालेली असते. व्हर्नियर कॅलिपरने दांडा आणि खाच मोजून नवी घ्या. तिला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीनने ईपीडीएम जातीचं रबर फुगतं. ग्रीसचं काम सगळी सीलंटं वाळल्यावरच, कारण ग्रीसचा हात लागलेल्या जागी काहीच चिकटत नाही.

मुंबईत बऱ्याच बोटी पावसाळ्यात बाहेर काढून ताडपत्रीखाली ठेवतात, त्यामुळे गळती चार महिने लपते. पाइपची परीक्षा ताडपत्री चढवण्याआधी, मेमध्ये उरकून घ्या. म्हणजे सामान मागवायला आणि चौकट सावकाश वाळवायला वेळ मिळतो.